रेसर व्हायचंय म्हणणाऱ्या मुलाला खर्च सांगावा का?

"मुलगा कार्टिंगमध्ये (छोट्या, उघड्या गाड्यांच्या रेसमध्ये) चांगला आहे, पण यात पुढे काही आहे का? की शाळाही जाईल आणि पैसाही?" हा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांना मी आधी विचारते, घरात खर्चाबद्दल मुलासमोर बोलता का? उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच येतं.

अथर्व (नाव आणि तपशील बदलले आहेत) नववीत. वडिलांचं चाकणजवळ छोटं वर्कशॉप. क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे रेसआधी सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेरीत, मुलगा पुढे असायचा, रेसमध्ये मागे पडायचा. "जिद्दच नाही मॅडम. समोरच्याला गाठतो, पण ओव्हरटेक करत नाही," वडील म्हणाले.

अथर्वला एकट्यालाच बसवलं आणि ट्रॅकचा एक लॅप सांगायला लावला. बोलता बोलता त्याचे हात आपोआप स्टिअरिंग धरल्यासारखे झाले. ब्रेक कुठे, कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) किती चढायचं, सगळं तोंडपाठ. एका वळणावर "इथे आत घुसता येतं" म्हणाला आणि गप्प झाला. मग हळूच, "पण चाकाला चाक लागलं तर ॲक्सल वाकतो. बाबा फोनवर गावची जमीन विकायचं बोलत होते."

कार्टची चाकं उघडी असतात. उशिरा ब्रेक मारून आत घुसायचा निर्णय क्षणात घ्यावा लागतो, आणि त्या क्षणी या पोराच्या डोक्यात जमीन होती. याला जिद्द कमी म्हणणं अन्याय आहे. आकडा लपवला तरी घरातला ताण मुलांना कळतोच, आणि न कळलेला आकडा ती मनात कितीतरी मोठा करून ठेवतात.

पुढच्या भेटीत तिघांना एकत्र बसवून या क्षेत्राचं खरं चित्र मांडलं. कार्टिंगनंतरची पायरी एफ-४ (फॉर्म्युला फोर), तिच्यासाठी किमान वय १५. सगळ्यात वरच्या फॉर्म्युला वनमध्ये धावायला लागणाऱ्या परवान्यासाठी, म्हणजे सुपर लायसन्ससाठी, सर्वसाधारणपणे १८ वर्षं पूर्ण हवीत आणि खालच्या स्पर्धांमधून तीन सीझनमध्ये ४० गुण. फॉर्म्युला वनची रेस धावलेले भारतीय दोनच: २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन, २०१० मध्ये करुण चंढोक. मुंबईचा जेहान दारूवाला कार्टिंगमधूनच वर आला, २०२० मध्ये बहरीनमधल्या साखीरला एफ-२ ची (फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची) रेस जिंकला, तरी त्याला फॉर्म्युला वनच्या संघात जागा मिळाली नाही. तो फॉर्म्युला ई मध्ये, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांच्या स्पर्धेत, धावला. दुसरा भारतीय ड्रायव्हर अर्जुन मैनी जर्मनीच्या डीटीएम या कार रेसिंग मालिकेत गेला. म्हणजे व्यावसायिक ड्रायव्हर होण्याच्या वाटा फॉर्म्युला वनपुरत्या नाहीत. रेस इंजिनिअर, डेटा इंजिनिअर ही कामंही याच जगातली आहेत, म्हणून गणित आणि फिजिक्स सोडायचं नाही, यावर मी अडून राहिले.

मग सीझनची रक्कम ठरली. टायर, इंजिन, प्रवास, आणि मोडतोडीचा वेगळा खाना. वडील अथर्वला म्हणाले, "हे पैसे गेलेच असं धर. जमिनीला हात लावणार नाही." आई तेव्हा पहिल्यांदा बोलली: हे आधीच सांगितलं असतं तर पोरगं रात्री नीट झोपलं असतं.

पुढच्या राउंडला अथर्व त्याच वळणावर आत घुसला, धडक झाली, रेस तिथेच संपली. वडिलांनी नुकसान विचारलं नाही. ब्रेक किती उशिरा मारलास, ते विचारलं. मला याचं फार समाधान वाटलं.

एफ-४ चा विषय दहावीनंतर, तोही प्रायोजक मिळाला तरच, असं ठरलंय. अथर्वला ते मान्य नाही. आधी तो हा वाद माझ्याशी घालायचा, हल्ली थेट बाबांशी घालतो.