पॉइंट, टॅपेट, चेन आणि धूर: जुन्या बुलेटवाल्यांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच गाडीबद्दल आहेत: उजव्या पायात गिअर असलेली, चार गिअरची, पॉइंटवर (प्लगची ठिणगी वेळेवर पाडणारा यांत्रिक स्विच) चालणारी कास्ट आयर्न बुलेट ३५०. खालची मापं त्याच इंजिनाची आहेत. युनिट इंजिनाच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) नव्या बुलेटला ती लावू नका.

चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाट चढून वर आलं की गाडी बंद पडते. वीस मिनिटं थांबलं की पहिल्या किकला चालू. प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला. फरक नाही. – एक वाचक, चिपळूण

थंड झाल्यावर गाडी आपोआप सुरू होत असेल तर तीन संशयित असतात: पेट्रोल, करंट आणि कॉम्प्रेशन. बंद पडलेल्या जागीच त्यांची तपासणी करायला हवी. घरी आणून, थंड गाडी उघडून काहीही सापडणार नाही. दोनदा कार्बोरेटर साफ करून हाती काही लागलं नाही ते म्हणूनच.

गाडी बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा ‘फुस्स’ असा आवाज आला आणि लगेच गाडी सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. बारीक तार घालून मोकळं करा. आवाज आला नाही तर कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार अखंड पडली पाहिजे. सुरुवातीला जोरात पडून मिनिटाभरात थेंबांवर आली तर कॉकची जाळी गंजाने भरली आहे.

पेट्रोल ठीक असेल तर प्लग काढून कॅपमध्ये बसवा, हेडला टेकवा आणि सावलीत किक मारून बघा. ठिणगी पिवळी, मरतुकडी दिसली तर पॉइंटचं झाकण काढून दुसऱ्याला किक मारायला सांगा. पॉइंटच्या मध्येच जाड, निळसर ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा भाग) गेला. गरम झाल्यावर दगा देण्याची त्याची खोड जुनीच आहे. पॉइंट नीट पाहिलेत तर एका बाजूला उंचवटा आणि समोर तेवढाच खड्डा दिसेल. तीही कंडेन्सर बिघडल्याची खूण. नवा बसवताना त्याच्या स्क्रूखालची जागा घासून स्वच्छ करा, कारण अर्थिंग तिथूनच मिळतं. पॉइंटवर ठिणगी नाही आणि प्लगवरही नाही, तर कॉइल किंवा इग्निशन स्विचची वायर तपासा. गरम कॉइलची आतली तार तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते.

पेट्रोल आहे, ठिणगीही आहे, पण किक पायाखाली मऊ लागते? मग टॅपेट (कॅमच्या धक्क्याने पुश रॉडमार्फत व्हॉल्व्ह उघडणारे भाग) आवळून बसवलेत. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. ‘टॅपेटचा आवाज काढून द्या’ म्हणून हट्ट धरला की मेकॅनिक नेमकं हेच करून देतो.

टॅपेट रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच लावायचे. सिलिंडरच्या उजव्या बाजूचं छोटं झाकण एका नटावर असतं, ते काढा. प्लग काढून, कॉम्प्रेशनच्या फेरीत पिस्टन अगदी वर आणा. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. मधला लॉक नट सैल करा, खालचा दांडा एका पान्ह्याने धरा आणि वरचं डोकं फिरवा. पुश रॉड दोन बोटांत धरून गरागरा फिरला पाहिजे, पण वर-खाली जराही हलता कामा नये. गॅप शून्यच; इथे फीलर गेजचं काम नाही. लॉक नट आवळताना सेटिंग हमखास सरकतं, म्हणून आवळून झाल्यावर रॉड पुन्हा फिरवून बघा. झाकणाचा नट बेताने आवळा. जोर लावलात तर झाकण वाकतं आणि तिथूनच तेल गळू लागतं.

दोन महिने गाडी उभी होती. चालू केल्यावर अख्खी सोसायटी धुराने भरली आणि ब्रीदरच्या नळीतून तेल सांडलं. इंजिन उतरवावं लागेल का? – एक वाचक, ठाणे

नाही. या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसच्या मागच्या भागातच असते. गाडी उभी राहिली की तेल पंपातून झिरपत पुढे क्रँकखाली जमतं. चालू केल्यावर ते थोडं जळतं, थोडं ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर फेकलं जातं आणि पाचेक मिनिटांत रिटर्न पंप उरलेलं टाकीत परत नेतो. धूर त्यानंतरही थांबला नाही तरच पिस्टन रिंगची काळजी करा.

खरं नुकसान डिपस्टिकमुळे होतं. उभ्या गाडीची डिपस्टिक कोरडी दिसते, म्हणून लोक अर्धा लिटर तेल ओततात. मग ते झिरपलेलं तेल परत आल्यावर टाकी काठोकाठ भरते आणि तेल ब्रीदरवाटे बाहेर. इंजिन पाच मिनिटं चालवा, बंद करा, मगच डिपस्टिक बघा. महिनाभरापेक्षा जास्त उभी राहिली असेल तर चालू करण्याआधी खालचा संप प्लग (क्रँकखालचं तेल सोडायचं बूच) काढून जमलेलं तेल स्वच्छ भांड्यात घ्या आणि गाळून टाकीत घाला.

दोन-तीन दिवसांतच हे होत असेल तर फीड पंपाची (इंजिनाला तेल पुरवणाऱ्या पंपाची) चकती झिजली आहे. काचेच्या सपाट तुकड्यावर अगदी बारीक व्हॉल्व्ह पेस्ट घेऊन आठाच्या आकड्यासारखी फिरवत ती घासा. सगळीकडे एकसारखा फिका रंग आला की थांबा. मग रॉकेलमध्ये दोनदा धुवा. पेस्टचा कण जरी आत राहिला तरी बेअरिंगला पुरून उरतो.

तेल बदलताना दोन प्लग असतात, टाकीचा वेगळा आणि संपचा वेगळा. फक्त एक काढला तर अर्धं जुनं तेल आतच राहतं. एकूण तेल साधारण सव्वादोन लिटर, २०डब्ल्यू५०. फेल्ट फिल्टर बदलताना स्प्रिंग आणि वॉशर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढून ठेवा. झाकण लावण्याआधी फिल्टरच्या खोबणीत तेल भरा. चालू केल्यावर रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट जरासा सैल करून तिथे तेल ओलावतंय ना, हे बघितल्याशिवाय गाडी रेस करू नका.

नवे पॉइंट टाकल्यापासून किक उलटी मारते. घोट्याला लागलं. टायमिंगमध्ये काय चुकलं? – एक वाचक, नाशिक

बहुधा पॉइंटचा गॅप जास्त ठेवलाय. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग आपोआप पुढे जातं, ठिणगी आधीच पडते. म्हणून क्रम ठरलेला: आधी गॅप, मग टायमिंग. टायमिंग लावून झाल्यावर गॅपला हात लावला की पुन्हा पहिल्यापासून.

गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, कॅमच्या उंच भागावर पॉइंटची फायबरची टाच टेकलेली असताना. फीलर गेजची पट्टी किंचित अडखळत सरकली पाहिजे. फायबरच्या टाचेखाली तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लावा. ते न लावल्यास टाच झिजते, गॅप मिटत जातो आणि टायमिंग मागे पडतं; महिनाभराने ‘गाडी ओढत नाही’ अशी तक्रार येते ती यातूनच. पॉइंट साफ करायला पॉलिश पेपर वापरू नका, त्याचे कण रुततात. बारीक कानस मारा आणि पेट्रोलमध्ये बुडवलेल्या कापडाने पुसा.

पुढे ऑटो ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी वजनं आणि स्प्रिंगा) तपासा. कॅम हाताने पिळून सोडला की स्प्रिंगने टचकन जागेवर परत आला पाहिजे. आळसटला किंवा पुढेच अडकला तर हळू किक मारतानाही टायमिंग पुढचंच राहतं आणि किक पाय झिडकारते. वजनांच्या पिना धुऊन त्यांना एक-एक थेंब तेल द्या, ताणलेल्या स्प्रिंगा बदला.

टायमिंगसाठी अँमीटरचा (करंट दाखवणाऱ्या काट्याचा) उपयोग होतो. लाइट बंद, चावी चालू. पॉइंट मिटलेले असताना काटा वजाकडे झुकतो आणि उघडले की मध्यावर येतो. गाडी मोठ्या स्टँडवर घ्या, प्लग काढा, चौथ्या गिअरमध्ये मागचं चाक हाताने फिरवत इंजिन पुढे न्या. पूर्ण रिटार्ड स्थितीत (ऑटो ॲडव्हान्स मागे असताना) पिस्टन वर पोचायला ०.८ मिमी बाकी असताना काटा मध्यावर यायला हवा. प्लगचं भोक तिरकं असल्यामुळे सायकलची तार घालून हे माप बरोबर येत नाही. प्रायमरी कव्हर काढून क्रँकच्या टोकाला कोनमापकाची चकती लावा, ०.८ मिमी म्हणजे जवळपास १० अंश. इंजिन नेहमी पुढच्या दिशेनेच मापावर आणा, मागे गेलात तर गिअरांमधली ढिलाई चुकीचं माप दाखवते. टायमिंग पुढे न्यायचं तर डिस्ट्रिब्युटरची (ज्यात पॉइंट बसतात त्या भागाची) बॉडी कॅमच्या फिरण्याच्या उलट दिशेला वळवा, मागे आणायचं तर कॅमच्याच दिशेला. चढावर चौथ्यात पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर टणटण वाजली तर केसभर मागे घ्या.

आणि बूट घालून किक मारा. किक जड होईपर्यंत आणायची, डिकॉम्प्रेसर (कॉम्प्रेशन सोडणारा लिव्हर) ओढून पिस्टन जरासा पलीकडे न्यायचा, डिकॉम्प्रेसर सोडायचा, मग शेवटपर्यंत दाबायचं.

१९९७ ची गाडी पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त म्हणून नापास होते. मेन जेट दोन नंबरने लहान केला, तरी तेच. – एक वाचक, कोल्हापूर

पीयूसी आयडलवर होते आणि आयडलला मेन जेटचा काही संबंध नसतो. आधी जुना मेन जेट परत बसवा, नाहीतर हायवेवर पिस्टन जळेल. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला आयडलवर ४.५ टक्के सीओची मर्यादा आहे, ती गाठणं अवघड नाही. एअर फिल्टर साफ करा, चोक पूर्ण बसतोय ना बघा, मग कार्बोरेटरचा फिल्टरच्या बाजूचा एअर स्क्रू गरम इंजिनावर पाव-पाव आटा बाहेर काढा. बाहेर म्हणजे हवा जास्त. दीड ते दोन आट्यांच्या दरम्यान आयडल सगळ्यात उंच जातं, तिथे थांबा आणि स्लाइडच्या स्क्रूने आयडल खाली आणा. केंद्रावर गाडी गरम असतानाच पोचा.

प्रायमरी कव्हरमधून गळती. नट कितीही आवळला तरी थांबत नाही. – एक वाचक, सांगली

आवळणं थांबवा. एकाच नटावरचं कव्हर आहे, आवळून ते वाकतं. रबर सील बदला, त्याची खोबण सुकी पुसा, आत ४२० मिलि तेल घाला, जास्त नको. घर्षण कमी करणारे पदार्थ असलेलं कारचं तेल टाकलंत तर क्लच घसरेल.

चेन किती दिवसांनी बदलायची? दुकानदार म्हणतो दहा हजार किलोमीटर. – एक वाचक, लातूर

किलोमीटरवर नका जाऊ, मोजा. या चेनची पिच ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिमी. चेन ताणून धरा आणि पहिल्या पिनेच्या मध्यापासून पंचविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत माप घ्या. नव्या चेनचं ३८१ मिमी येतं, ३८८ च्या पुढे गेलं की चेन संपली. झिजलेली चेन चालवण्यातून काही वाचत नाही, कारण मागचं दातेरी चाक ब्रेक ड्रमशी एकसंध आहे. दात गेले की अख्खा ड्रम घ्यावा लागतो.

मोठ्या स्टँडवर, चाक फिरवून चेन जिथे सर्वांत घट्ट लागते तिथे २५ ते ३० मिमी खेळ ठेवा. दोन्ही बाजूंच्या गोगलगायी (चेन ताणायच्या खाचांच्या चकत्या) सारख्याच खाचेवर हव्यात. चेन लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला. उलटं बसवलेलं क्लिप खड्ड्याखुड्ड्यांत निघून पडतं आणि तुटलेली चेन क्रँककेस फोडू शकते.

आंबोली उतरताना पुढचा ब्रेक लागतच नाही. लायनर नवे आहेत. – एक वाचक, सावंतवाडी

दोन कॅमच्या ड्रम ब्रेकमध्ये दोन्ही शू एकाच वेळी टेकले पाहिजेत. नवे लायनर टाकल्यावर जोडणारा रॉड तसाच ठेवला की एकटा शू सगळं काम करतो, दुसरा नुसता फिरायला आलेला असतो. रॉडची एक पिन काढा. केबलकडचा लिव्हर हाताने ढकलून शू टेकवा आणि तसाच धरा. दुसऱ्या लिव्हरने दुसरा शू टेकवा. आता रॉडची लांबी अशी करा की कुठलाही लिव्हर न हलवता पिन सहज आत जाईल. लॉक नट आवळा.

लायनर आरशासारखे चकचकीत झाले असतील तर ८० नंबरच्या कागदाने ओलसर घासा, नाका-तोंडावर मास्क लावून. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो; त्याची भुकटी फुंकरीने किंवा कंप्रेसरच्या हवेने उडवू नका. आणि उतारावर इंजिनाचा ब्रेक घ्या: ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्यातच उतरा.

पुण्याहून स्पितीला जायचंय. सोबत काय घ्यावं? – एक वाचक, पुणे

नाना पेठेत एका फेरीत होईल: पॉइंट-कंडेन्सर सेट, दोन प्लग, दोन चेन लॉक, क्लच आणि ॲक्सिलरेटर केबल, मीटरभर पेट्रोल नळी, दोन ट्यूब, फ्यूज, फीलर गेज. नवी क्लच केबल पिशवीत ठेवू नका. जुनीच्या शेजारून आत्ताच ओढून घ्या, दोन्ही टोकांना तेल लावून टेप गुंडाळा; तुटली की फक्त टोकं अदलाबदल करायची. पान्हे घेताना नट तपासा, या इंजिनावर बरेच नट इंची मापाचे आहेत. मिमीचा पान्हा ‘जवळपास’ बसतो आणि डोकं गोल करून टाकतो.

स्पितीच्या वाटेवरची कुंजुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथे विरळ हवेत मिश्रण जाड होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), प्लग काळा पडतो. कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच वर चढवली की सुई खाली येते आणि पेट्रोल कमी होतं. खाली मनालीला आल्यावर ती मूळ खाचेवर आणा. सपाटीवर तशीच चालवलीत तर इंजिन तापेल. टायरची हवा पुढे १८, मागे २८ पीएसआय. मागे माणूस आणि सामान असेल तर २० आणि ३०.