अमेरिकेतली पहिली बुडालेली बँक कोणाची होती? त्या माणसाचं पुढे काय झालं?

अँड्र्यू डेक्स्टर. बोस्टनचा वकील. ऱ्होड आयलंडमधल्या ग्लॉस्टर या खेड्यातली फार्मर्स एक्स्चेंज बँक त्याने ताब्यात घेतली आणि बँकेच्या स्वतःच्या नोटा काढण्याचा सपाटा लावला. कॅशियरला पत्रं काय, तर गुपचूप बसून नोटांवर सह्या करत राहा, रात्रीसुद्धा! 1809 मध्ये बँक बुडाली तेव्हा बाजारात लाखो डॉलरच्या नोटा होत्या आणि त्यांच्या बदल्यात द्यायला तिजोरीत नाणी जेमतेम 86 डॉलरची.

डेक्स्टर पसार झाला. गंमत म्हणजे, हाच गृहस्थ पुढे अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहराचा एक संस्थापक ठरला. राज्याची राजधानी इथेच येणार या खात्रीने त्याने एक टेकडी राखून ठेवली. तिथे शेळ्या चरायच्या, म्हणून नाव पडलं गोट हिल. 1846 मध्ये राजधानी खरंच तिथे आली. तो मात्र 1837 मध्येच वारला होता.