पेशी शाबूत, तरी रक्तवाहिनी गळते

प्रश्न : उंदरांकडून माणसाला लागणारा हंटाव्हायरस रक्तवाहिन्या फोडतो असं वाचलं. तो नेमका कुठल्या पेशींत वाढतो?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : फोडत नाही, हीच तर गंमत आहे. त्याचं मुख्य ठाणं म्हणजे केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी, म्हणजेच एंडोथेलियल पेशी. या पेशी विषाणू भरभरून बनवतात, पण मरत नाहीत. १९७६ मध्ये कोरियात हो वांग ली यांना विषाणू सापडला तोही पेशींचा नाश पाहून नव्हे. शेतातल्या पट्टेरी उंदराच्या फुप्फुसाचे पातळ काप घेऊन त्यांवर बऱ्या झालेल्या रुग्णांचं सीरम (रक्तातला प्रतिपिंडं असलेला द्रव) टाकलं, तेव्हा ते काप फ्लुरोसंट सूक्ष्मदर्शकाखाली चमकले.

आत शिरायला विषाणू पेशीवरच्या बीटा-३ इंटेग्रिन या प्रथिनाला चिकटतो. पेशी त्याला पिशवीत गुंडाळून आत ओढते, पिशवीतलं आम्ल वाढतं आणि त्याच आम्लामुळे विषाणूच्या आवरणावरचं जीसी प्रथिन रूप बदलून पिशवीच्या पटलाशी जुळतं. आरएनएचे तीन तुकडे पेशीद्रवात सुटतात; पेशीच्या केंद्रकात जायची त्याला गरजच पडत नाही.

खरी मेख पुढे आहे. हे इंटेग्रिन नुसतं दार नाही, व्हीईजीएफ या संप्रेरकासारख्या रेणूच्या परिणामावरचा ब्रेकही आहे. विषाणू तिथे चिकटून बसला की ब्रेक निकामी होतो. मग थोड्या व्हीईजीएफनेही दोन पेशींना सांधणारं व्हीई-कॅडहेरिन आत खेचलं जातं आणि सांधे सैल पडतात. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, त्यामुळे हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) चढतं. डेंग्यूचा रिपोर्ट पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. प्लेटलेटही घसरतात. त्यात मारक टी पेशींच्या, म्हणजे लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या संरक्षक पेशींच्या, रसायनांची भर पडते. म्हणूनच अशा रुग्णाला सलाइन हात राखूनच द्यावं लागतं. जास्त झालं तर ते थेट फुप्फुसात साचतं.

प्रश्न : मग कोरियात हा आजार मूत्रपिंडाला गाठतो आणि अमेरिकेत फुप्फुसाला, असं का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : दाराचा फरक थोडासा आहे. सिन नोम्ब्रे (१९९३, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग) आणि अँडीज (दक्षिण अमेरिका) या हंटाव्हायरसांना प्रोटोकॅडहेरिन-१ हे प्रथिन लागतं, कोरियातल्या हंटान विषाणूला लागत नाही. २०१८ च्या संशोधनात हे प्रथिन नसलेले हॅमस्टर अँडीजपासून बऱ्याच अंशी वाचले. पण दारावरून अवयव ठरतो असं म्हणणं घाईचं होईल, कारण ही प्रथिनं शरीरात इतरत्रही असतात. हंटानच्या कुळातले विषाणू मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशी आणि गाळणीच्या पोडोसाइट यांतही शिरतात आणि तिथलं झेडओ-१ हे सांध्याचं प्रथिन विस्कटतात. लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, ती यामुळेच. मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक या संरक्षक पेशींनाही लागण होते. त्या शरीरभर फिरतात, त्यामुळे विषाणूला वाहन मिळतं.

प्रश्न : मारक पेशी लागण झालेल्या पेशीला मारत का नाहीत?
– तीच विद्यार्थिनी

उत्तर : विषाणूचं एन प्रथिन ग्रँझाइम-बी आणि कॅस्पेस-३ या पेशीला मारणाऱ्या दोन्ही एन्झाइमांना अडवतं. शेजारच्या निरोगी पेशींना मात्र हे कवच नसतं.

प्रश्न : आमच्या माळ्यावर उंदीर आणि चिचुंद्र्या आहेत. धोका किती?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : १९६४ मध्ये वेल्लोरला चिचुंद्रीतच ‘थोट्टापालयम’ हा हंटाव्हायरस सापडला होता, त्याने माणसाला आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. पावसाळ्यात कोकणात ताप, कावीळ, लघवी कमी अशी लक्षणं दिसली तर आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तपासा. तो कितीतरी जास्त आढळतो आणि त्याला अँटिबायोटिक लागू पडतं, हंटाला नाही. हंटाची शंका असेल तर आयजीएम एलायझा, म्हणजे रक्तातली आयजीएम प्रतिपिंडं शोधणारी चाचणी, करतात; लक्षणं दिसेपर्यंत बहुतेकांत ही प्रतिपिंडं तयार झालेली असतात.

माळा साफ करताना झाडू मारू नका, व्हॅक्यूमही नको. धूळ उडाली की वाळलेल्या लेंड्या आणि लघवीतला विषाणू श्वासातून आत जातो. खिडक्या-दारं उघडून अर्धा तास बाहेर थांबा. हातमोजे घाला. घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग असं ताजं द्रावण करून लेंड्यांवर शिंपडा, पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचलून पिशवीत बांधा. विषाणूला चरबीचं आवरण असल्याने ब्लीच त्याला लवकर निकामी करतं. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा अमोनियाचं क्लीनर मिसळू नका, विषारी वायू सुटतो.