पंखा सुरू होताच खोली तापते कशी?

प्रश्न : मी गिरगावात राहतो. खोलीच्या तापमानाची नोंद ठेवण्यासाठी मी अर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर वापरून एक उपकरण तयार केले असून ते मोबाइलच्या चार्जरवर चालते. रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) पंखा सुरू केला, की त्याच क्षणी तापमान दीड-दोन अंशांनी चढते आणि पंखा बंद होताच पूर्ववत होते. लॅमिंग्टन रोडवरून दुसरा सेन्सर आणून लावला, तरी फरक पडला नाही. पुरवठ्यातील नॉइज (व्होल्टेजमधील नको असलेले चढउतार) कसा कमी करावा?

उत्तर : दुसऱ्या सेन्सरचा खर्च वाया गेला असला, तरी पहिला सेन्सर निर्दोष आहे एवढे त्यातून कळले. बहुधा दोष मोजपट्टीत आहे. उनोमधील एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारा भाग, एरवी ५ व्होल्टच्या पुरवठ्यालाच संदर्भ धरून त्याचे १०२४ भाग करतो. रिलेच्या कॉइलने प्रवाह ओढल्यामुळे हा पुरवठा ४.७५ व्होल्टवर उतरला, तर ३० अंशांना सेन्सरने दिलेले ३०० मिलिव्होल्ट तेवढेच राहतात. प्रोग्राम मात्र संदर्भ अजूनही ५ व्होल्टच आहे असे समजून साडेएकतीस अंश दाखवतो. गज आखूड झाला, की तेच कापड जास्त भरते, तसा हा प्रकार आहे.

म्हणून कपॅसिटरांची रांग लावण्यापूर्वी संदर्भ बदलावा. उनोच्या चिपमध्ये १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ असून तो प्रोग्राममधील एका ओळीने निवडता येतो. त्याचे मूल्य चिपगणिक थोडे वेगळे असल्याने ते एआरईएफ या संदर्भाच्या पिनवर मल्टिमीटरने मोजून हिशेबात घ्यावे. त्या पिनला बाहेरून व्होल्टेज मात्र जोडू नये.

एवढे करूनही आकडा सरकलाच, तर ग्राउंडची तार तपासावी. रिले आणि सेन्सर यांचा परतीचा मार्ग ब्रेडबोर्डवर (तारा खोचून जोडणी करण्याच्या पट्टीवर) एकच असेल आणि त्यात ०.१ ओहम रोध असेल, तर रिलेच्या ७० मिलिअँपिअर प्रवाहाने तिथे ७ मिलिव्होल्ट निर्माण होतात, आणि दर अंशाला १० मिलिव्होल्ट देणाऱ्या सेन्सरसाठी ती सुमारे पाऊण अंशाची चूक ठरते. रिलेची ग्राउंड तार थेट पुरवठ्यापर्यंत वेगळी न्यावी.

चार्जरमधील स्विचिंगच्या नॉइजसाठी सेन्सरच्या पुरवठ्यात १०० ओहमचा रोधक घालून त्यापुढे, सेन्सरच्या पायांलगत, ग्राउंडकडे १०० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर जोडावेत. एलएम३५ अत्यल्प प्रवाह घेत असल्याने रोधकावर काही मिलिव्होल्टच खर्च होतात. आउटपुटवर मात्र नुसता कपॅसिटर लावू नये, कारण त्याने या सेन्सरचे आउटपुट आपोआप वरखाली हेलकावू लागते. तिथे ७५ ओहम आणि १ मायक्रोफॅरड एकसरीत जोडून ग्राउंडला न्यावेत.

पुढे एलएम३५ऐवजी त्याच ५ व्होल्टवर थर्मिस्टरचा (तापमानानुसार रोध बदलणाऱ्या घटकाचा) व्होल्टेज-विभाजक लावलात, तर संदर्भाविषयीचा सल्ला उलटा करावा : तिथे सेन्सरचे व्होल्टेज आणि संदर्भ एकाच प्रमाणात वरखाली होत असल्याने पुरवठ्याचाच संदर्भ ठेवणे योग्य.