गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाला दुधापासूनचीच पावडर कशी चालते? आणि शेळीचं दूध द्यावं का?

ताई, नाशिकरोडला शेळीचं दूध सहज मिळत असलं तरी बाळाला देऊ नका. त्यातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असल्याने बहुतेक बाळांना तोच त्रास होतो. उकळूनही केसीन (दुधातलं मुख्य प्रथिन) तसंच राहतं.

डॉक्टरांनी सांगितलेल्या पावडरीत एन्झाइम वापरून प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले असतात, बहुतेक ३,००० डाल्टनपेक्षा (रेणूचं वजन मोजायचं एकक) लहान. ॲलर्जी घडवणाऱ्या अँटिबॉडीला ते सहसा ओळखूच येत नाहीत. पण तेवढ्यावर भागत नाही. ॲलर्जी सिद्ध झालेल्या बाळांवर पावडरीची चाचणी होते. किमान ९० टक्के बाळांना सोसलं, तरच ती हायपोॲलर्जेनिक (ॲलर्जीची शक्यता अगदी कमी असलेली) ठरते.

डबा घेताना लेबल नीट वाचा: ‘एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड’ (प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेलं) हवं, ‘पार्शियली’ (अर्धवट तुकडे केलेलं) नको. एवढं करूनही पुरळ, उलट्या किंवा शीतून रक्त दिसलं तर अमिनो ॲसिडची (प्रथिनं ज्यांची बनतात त्या सुट्या घटकांची) पावडर असते, डॉक्टरांना विचारा.