पेटीतलं काय ठेवायचं?

प्रश्न : मी इंदूरच्या लोकमान्यनगरात राहते. मुलगा 13 वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. तिसरीत शाळा सोडवली, तेव्हापासून मीच घरी शिकवते. पुढच्या महिन्यात आम्ही लहान फ्लॅटमध्ये जातोय. लोखंडी पेटी भरून वह्या, थेरपीचे रिपोर्ट, चित्रं, मातीचे गणपती आहेत. सासूबाई म्हणतात एक कागद टाकू नकोस, हे म्हणतात रद्दीत घाल. सगळ्यात पहिल्या रिपोर्टात ‘बोलेल असं वाटत नाही’ असं लिहिलंय, तो तर फाडूनच टाकावासा वाटतो. आता तो बोलतो, आणि मामाच्या नमकीनच्या दुकानात रोज तासभर पुड्या भरतो. पुढे दहावीला, कामाला यातलं काय लागेल? — एक आई

उत्तर : ताई, आधी तो पहिला रिपोर्ट. फाडू नका. निदान कितव्या वर्षी झालं, कुणी केलं, कशावरून केलं, हे सांगणारा बहुतेक तो एकच कागद तुमच्याकडे आहे. दिव्यांगता प्रमाणपत्रासाठी पुन्हा तपासणी झाली की डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात, लक्षणं केव्हापासून आहेत? डोळ्यांसमोर नको असेल तर पाकिटात घाला, वर तारीख लिहा आणि मिस्टरांकडे ठेवायला द्या. तुम्ही त्याला बोलता केलंत. ते किती मोठं काम होतं हे कळायलाही तोच कागद लागेल.

जन्मदाखला, दिव्यांगता प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), शाळा सोडल्याचा दाखला आणि सगळे तपासणी अहवाल एका फाईलमध्ये लावा. गुळगुळीत थर्मल कागदावरची अक्षरं उडतात, त्यांची झेरॉक्स याच आठवड्यात काढा. आणि नाव तपासा. आपण वडिलांचं नाव मधे लावतो, इथल्या अर्जांत ते कधी येतं, कधी गळतं. ‘ळ’चा तर ‘ल’ होतोच, काळ्यांचे काले होतात. आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) आणि यूडीआयडीवर नाव, जन्मतारीख तंतोतंत एक हवी. आत्ता दुरुस्त करणं सोपं आहे, अर्जाच्या शेवटच्या दिवशी रडू येतं.

हीच फाईल 18 व्या वर्षी पुन्हा लागू शकते. मूल सज्ञान झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्याला तशी गरज असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानीय स्तर समितीकडे अर्ज करता येतो. ऑटिझम त्या कायद्यात येतो.

आता वह्या. सगळ्या नकोत. दर वर्षाची जूनमधली दोन पानं आणि मार्चमधली दोन पानं ठेवा, विषय तोच. रंग भरायच्या छापील कागदांचे गठ्ठे खुशाल रद्दीत द्या, त्यांतून काहीच कळत नाही. ठेवलेल्या पानाच्या मागे मात्र लिहा. माझ्याकडे आलेल्या एका आईच्या वहीत बेरजेच्या पानामागे पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘वीस मिनिटं. दोनदा उठला. 6 उलटा काढला. हात धरला नाही.’ त्या चार ओळींतून मला मुलाची जी ओळख झाली, ती आठ पानांच्या छापील अहवालातून झाली नव्हती. मदत कुठे लागते आणि कुठे लागत नाही, हे त्यात होतं. पुढे शिकवणारा असो की काम देणारा, त्याला हेच कळायला हवं असतं. जुनी पानं बघून आत्ता आठवेल तेवढं लिहा, ओढूनताणून नको.

दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. वयाची 14 पूर्ण लागतात, म्हणजे तुमच्या हातात अजून वेळ आहे. पाच विषय पुरतात, एका प्रवेशावर पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, आणि विषय एकेक करून सोडवता येतात. त्याच्यासारख्या मुलाला याचा मोठा आधार आहे. भाषेत मराठी घेता येते, शिवाय चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री असे विषय आहेत. लेखनिक किंवा जास्तीचा वेळ मागायचा असेल तर वैद्यकीय कागद लागतात, तेव्हा ती फाईल हाताशी हवी.

पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत : दुकानातला तो तास. त्याची नोंद आजपासून ठेवा. पाव किलोची पुडी किती वेळात भरतो, काटा स्वतः बघतो का, गिऱ्हाईक वाढलं की कानांवर हात ठेवतो का, किती वेळानं थकतो. महिन्यातून एकदा मिनिटभराचा व्हिडिओ घ्या, नावात तारीख घाला आणि फोनशिवाय आणखी एका ठिकाणी ठेवा. वजन, मोजणी, पॅकिंग हे खरं काम आहे, आणि नमकीनच्या या शहरात त्याला जागाही आहे. पाच वर्षांची अशी नोंद घेऊन तुम्ही कामाचं बोलायला गेलात तर तुमच्या शब्दाला वजन येईल.

राहिले गणपती आणि चित्रं. चित्रांचे फोटो काढा, मूळ दहा-बारा ठेवा. सासूबाईंना त्यांच्या आवडीचा एक गणपती द्या, त्यांचा जीव शांत होईल. पण मुलाच्या आठवणी कोणत्या, हे तुम्ही दोघींनी ठरवू नका. बुटांचा एक रिकामा खोका त्याला द्या आणि पेटी त्याच्यासमोर उघडा. तो चित्र सोडून दोरीचा तुकडा उचलेल, बाटलीची झाकणं उचलेल. उचलू द्या. ‘हे नको’ म्हणाला तर तेही ऐका, आणि खोक्यावर त्याचं नाव त्यालाच लिहू द्या.

सामान हलवून झालं की गेल्या जूनचं आणि मार्चचं गणिताचं पान, मागच्या ओळींसकट, मला पाठवा. त्यावरून पाच विषय निवडायला बसू.