विषय सोडू नकोस

प्रिय मुली,

तुझी चित्रे पाहिली आणि सोबतचे पत्रही दोनदा वाचले. ‘माझी शैली कोणती, हेच मला कळेनासे झाले आहे,’ असे तू लिहितेस. एका चित्रात रंगाचे जाड थर, दुसऱ्यात वारलीसारख्या आकृत्या, तिसऱ्यात हल्ली मोबाइलवर जिकडेतिकडे दिसणारी सपाट गुलाबी-निळी रंगसंगती. तुझा हात चांगला आहे, हे आपण दोघेही जाणतो. त्यावर शब्द खर्च करीत नाही. मला बोलायचे आहे ते तू बहुधा भर म्हणून पाठवलेल्या चित्राबद्दल: अंगणात खाटेवर वाळत घातलेले बिबडे, आपले ज्वारीचे पापड. ओल्या बिबड्यातून खालच्या लुगड्याचा रंग दिसतो आणि ऊन चढेल तसतसा तो दिसेनासा होतो, हे तू स्वतः पाहिले आहेस. तोच विषय धर. उद्या काढ, परवा पुन्हा काढ. शैली शोधू नकोस, विषय सोडू नकोस.

नक्कल करू नये, असे मी म्हणत नाही. जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्याने हात तयार होतो. पण हात तयार झाला म्हणजे नजर तयार झाली, असे नव्हे. नजर एकाच गोष्टीपाशी थांबल्याने तयार होते, आणि तुझी पिढी थांबत नाही, याचा मला राग येतो.

चाळीसगावला जाऊन छायाचित्रकार केकी मूस यांचे घर पाहून ये. १९८९ मध्ये मृत्यू येईपर्यंतची कित्येक दशके ते घराबाहेर क्वचितच पडले आणि टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांच्यावरचा प्रकाश बदलून छायाचित्रे घेत राहिले. विषय कमी पडतात, ही तक्रार त्या घरात उभे राहून करून दाखव.

मुंबईतल्या एका गॅलरीचालकाने मलाही बजावले होते, की केळीच्या बागा पुरे झाल्या, आता काही नवे आणा. मी आणले नाही. चित्रे फारशी विकली गेली नाहीत आणि त्याची झळ माझ्यापेक्षा माझ्या पत्नीने अधिक सोसली, ही खंत मला आहे. तरीही पावसाच्या सुरुवातीला लावलेल्या मृगबागेतला हिरवा आणि पावसाळ्यानंतर लावलेल्या कांदेबागेतला हिरवा एकाच महिन्यात किती निराळा असतो, हे मला त्याच बागांमध्ये वर्षानुवर्षे बसल्यामुळे कळले. लोक त्याला हट्ट म्हणतात. म्हणोत. माझ्या चित्राखालची सही झाकली तरी ते माझे आहे हे ओळखू येते, आणि ते त्या हट्टानेच झाले आहे.

तेव्हा आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बिबडेच काढ. फसलेली चित्रेही फाडू नकोस, सगळी मला पाठव. तुझ्या वडिलांशी मी बोलतो. मात्र मुंबईच्या प्रदर्शनाचा अर्ज यंदा भरू नकोस, हे पुन्हा एकदा सांगतो.

तुझा,
काका